माळ्याला घरातून वाट

मैत्रिणींनो, तुमच्या घराला माळा आहे का? असला तर एक विचारते. त्यावर तुम्ही स्वतः, कुणाची मदत न घेता, शेवटच्या कधी चढला होतात?

बहुतेकजणींचे उत्तर मला ठाऊक आहे. माळ्यावर काय काय आहे ते आपल्याला तोंडपाठ असते. गणपतीचे मखर कुठल्या कोपऱ्यात, पाळण्याच्या दांड्या कुठल्या गोणपाटात, पाहुण्यांच्या गोधड्या कुठल्या ट्रंकेत, हे आपल्याला झोपेतून उठवून विचारले तरी सांगू. पण त्यातले काही काढायचे म्हटले, की "अहो, जरा शिडी लावता का?" नाहीतर "रविवारी गडी येईल तेव्हा बघू." सामान आपले, हिशेब आपला, आणि वर जायची वाट मात्र दुसऱ्याच्या हातात!

आमच्याकडेही हेच होते. आमचे घर चिपळूणचे, वाशिष्ठीपासून फार लांब नाही असे. माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेले. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौले. (ही कौले मूळची मंगळूरची. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली तिथे कारखाना काढला, आणि मग ती साऱ्या किनाऱ्यावर पसरली.) ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि माजघराला लागून बाळंतिणीची अंधारी खोली. या सगळ्यावर एकसंध माळा. पण त्याला घरातून वाट नाही. बाजूच्या त्रिकोणी भिंतीत, जमिनीपासून दहा-बारा फुटांवर एक खिडकीवजा दार, आणि पडवीत आडवी ठेवलेली लांबलचक शिडी. ती उचलून लावायला दोन पुरुष लागत.

असे का केले असेल, हे मी लग्न होऊन आल्यावर सासूबाईंना विचारले होते. त्या म्हणाल्या, "अगो, तेव्हा भाताची पोती नि नारळ बाहेरच्या बाहेर गडीमाणसं वर टाकत. घरातून नेले असते तर माझ्या सासूबाईंनी सारवलेल्या जमिनीचं काय झालं असतं?" म्हणजे त्या काळी ती सोय बाईसाठीच होती, असे म्हणायला हरकत नाही. पण आता शेती गेली, गडी गेले, भाताची पोती गेली. उरली ती शिडी.

ही गैरसोय मी दहा-अकरा वर्षे चालवून घेतली. एका शाळेत अर्धवेळ शिकवते, घरी दोन मुले, सासूबाई, आल्यागेल्याचे. माळ्याचे दार कुठे आहे यावर विचार करायला सवड कुणाला? सवड दिली ती पुराने.

२२ जुलै २०२१ ची पहाट. आदल्या रात्री पाऊस असा लागला होता की कौलांवरचा आवाज क्षणभरही उसंत घेत नव्हता. हे लोट्याला रात्रपाळीला होते. सासूबाईंची हाक आली, "अगो, मोरीतून पाणी उलटं वर येतंय." आमचे जोते तीन फूट उंच आहे, म्हणून मी अंगणात बघितले तर पायऱ्या दिसेनात. वीज गेलेली. मुले तेव्हा नऊ आणि सहा वर्षांची. पडवीतली शिडी आमच्या डोळ्यांदेखत तरंगत कुंपणाकडे निघाली होती. लाकूडच ते, तरंगायचेच.

माजघरात मी टेबलावर स्टूल ठेवले आणि वर चढून माळ्याच्या फळ्यांना हात लावला. बोटे टेकली. वर कोरडा माळा होता, गोधड्या होत्या, पापडांचा डबा होता. मध्ये होते इंचभर जाडीचे फणसाचे लाकूड. मी हाताने ठोकून पाहिले, मुसळाने ठोकून पाहिले. आजेसासऱ्यांचे काम पक्के होते.

पाणी घरात गुडघ्यापर्यंत आले तेव्हा शेजारच्या दुमजली घरातली दोन मोठी मुले दोर घेऊन आली. एकाने सासूबाईंना पाठुंगळी घेतले, दुसऱ्याने धाकटीला. मोठा माझ्या कमरेला धरून. अंगणात पाणी माझ्या छातीला लागत होते. वीस पावलांचे अंतर, पण ते मी इथे वर्णन करणार नाही. पुढचा दिवस-रात्र आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर काढली. रस्ते बंद, त्यामुळे हे दुसऱ्या दिवशी दुपारी चालत चालत पोचले.

घरी परतलो तेव्हा माजघराच्या भिंतीवर चिखलाची रेघ होती. मी टेपने मोजली, साडेपाच फूट. माझे बी.ए.चे प्रमाणपत्र, लग्नातले फोटो, मामंजींची औषधांच्या नोंदींची वही, सगळ्याचा लगदा झालेला. आणि माळ्यावर? मखराच्या चमकीलासुद्धा ओल लागली नव्हती.

तेव्हाच मी ह्यांना म्हटले, "माळ्याला घरातून वाट करायची."

आता तुम्हाला वाटेल, एवढे झाल्यावर कोण नाही म्हणेल? तसे नसते हो! चिखल उपसून होईतो सगळे हो म्हणाले. भिंती वाळल्या आणि मग मुद्दे सुचू लागले. ह्यांचे म्हणणे, बाहेरूनच लोखंडी जिना करू, घरात तोडफोड नको. मी म्हटले, पाणी अंगणातच आधी येते, मग बाहेरच्या जिन्यापर्यंत पोहत जायचे का? यावर त्यांनी विचारले, "पाणी काय रोज येतंय?" पाणी रोज येत नाही, पण पापडाचा डबा महिन्यातून दोनदा लागतो, तेव्हा रविवारची वाट बघत बसते ती मी, हेही मी सांगून टाकले.

सासूबाईंचा विरोध वेगळा होता. "घराच्या डोक्याला भोक पाडायचं? त्या फळ्या अंगणातल्या फणसाच्या आहेत. मामंजींच्या वडिलांनी उभं राहून कापून घेतल्यात." त्यावर मी गप्प बसले. असल्या गोष्टींवर वाद घालून उपयोग नसतो आणि घालूही नये.

दिवाळीनंतर एका दुपारी तांदूळ निवडताना त्या आपणहून बोलल्या. २६ जुलै २००५ ला चिपळुणात पाणी भरले तेव्हा मी या घरात आले नव्हते. घरात त्या दोघेच होते. पाणी पडवीला लागल्यावर मामंजी शिडी लावायला बाहेर गेले, आणि शिडी पाण्यात सरळ उभी राहीना. काळोख, वर पाऊस. सासूबाई माजघराच्या उंबऱ्यात उभ्या राहून हाका मारत होत्या आणि पावसात आवाज पोचत नव्हता. अर्ध्या तासाने ते भिजून परत आले, शिडी सोडूनच. त्या वेळी पाणी घरात घोटाभरच चढून थांबले. "पण तो अर्धा तास माझा मला ठाऊक," त्या म्हणाल्या. सोळा वर्षे त्यांनी हे कुणाला सांगितले नव्हते. मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "माजघरात नको. माझ्या बाळंतिणीच्या खोलीत पाडा ते भोक."

त्यांनी जागा सांगितली ती किती अचूक होती हे मला सुतार आल्यावर कळले. म्हणून जागेचे थोडे सविस्तर सांगते.

माळ्याची वाट कुठेही काढता येत नाही. देवघर आम्ही पहिल्यांदा वगळले, कारण देवांच्या डोक्यावरून ये-जा नको. चुलीवर किंवा गॅसच्या शेगडीवर तर अजिबात नको. धूर, तेलाची वाफ सरळ वर जाते, आणि आग लागलीच तर ती त्याच वाटेने कौलांपर्यंत पोचते. दारासमोर नको, कारण शिडीवर कुणी असताना दार उघडले तर काय होईल ते सांगायला नको. आणि वर चढून गेल्यावर डोके वर काढायला उंची हवी. कौलारू घरात ती आढ्याखाली असते, कडेला वासे इतके खाली येतात की माणूस रांगतच बाहेर यावा. आमची अंधारी खोली घराच्या बरोबर मध्यावर, आढ्याखालीच. खोली लहान, तिच्यात वाहता रस्ता नाही, आणि तिला एकही खिडकी नाही.

आता कापण्याविषयी. हे नीट वाचा, कारण इथे घाई केलेली परवडत नाही. माळ्याखाली उभ्या राहून वर बघितलेत तर दोन प्रकारची लाकडे दिसतील. जाड, लांब, भिंतीपासून भिंतीपर्यंत गेलेल्या त्या तुळया. त्यांच्यावर आडव्या, जवळजवळ टाकलेल्या बारीक त्या कड्या. कड्यांवर फळ्या. कडी एखादी कापता येते, योग्य आधार देऊन. तुळई कधीही कापायची नाही. तसेच छपराच्या कैचीचे तळाचे आडवे लाकूड असते, त्यालाही हात लावायचा नाही. ते नुसते आडवे पडलेले दिसते, पण त्याचे काम दोन्ही उतरती छपरे धरून ठेवण्याचे असते. घडीच्या शिडीला मध्ये साखळी असते बघा, ती सोडली की शिडीचे पाय फाकतात. तसे ते लाकूड कापले की छपराचे पाय फाकतात आणि भिंतींना बाहेर ढकलू लागतात. लगेच कळतही नाही. दोन पावसाळ्यांनी भिंतीला तडा जातो.

आमच्या कड्या दीड-दीड फुटांवर आहेत. दोन कड्यांच्या मधल्या जागेत फळी काढून भोक केले असते तर काहीच कापावे लागले नसते. सुताराचे म्हणणे तेच होते. "वहिनी, सव्वा फुटातनं माणूस जातो की!" मी आत गेले आणि मोठी परात, पापडांचा डबा आणि गोधड्यांचे एक गाठोडे आणून त्याच्यासमोर ठेवले. म्हटले, हे सगळे या वाटेने गेले पाहिजे, आणि पंचाहत्तर वर्षांची बाई दोन्ही बाजूंना हात टेकून गेली पाहिजे. तो हसला, पण मग त्याने खडू काढला. आम्ही जमिनीवर आखून पाहिले आणि अडीच फूट रुंद, साडेतीन फूट लांब असे ठरले. लांबी कड्यांच्या दिशेने ठेवली म्हणजे मधली एकच कडी कापावी लागते. लांबी जास्त का, तर शिडी तिरकी असते. भोक आखूड ठेवले की वर जाताना पाठीमागच्या काठावर डोके आपटते. आमच्या शिडीचा पाय आणि माथा दोन्ही भोकाच्या हद्दीतच आहेत.

कापण्याआधी त्या कडीला दोन्ही बाजूंनी खालून टेकू दिले. आधी टेकू, मग करवत. कापलेल्या कडीची दोन मोकळी टोके लोंबकळत ठेवायची नसतात. शेजारच्या दोन शाबूत कड्यांच्या मध्ये तेवढ्याच जाडीचे आडवे लाकूड बसवायचे, दोन्ही टोकांना एकेक, आणि कापलेली टोके त्यात खाच पाडून अडकवायची. म्हणजे भोकाभोवती चौकट तयार होते. पण मग मधल्या कडीचा भार त्या दोन शेजारणींवर पडतो, म्हणून त्यांच्या अंगाला आणखी एकेक लाकूड बोल्टाने जोडले. गोठा मोडला तेव्हाचे सागवानी वासे पडून होते, ते इथे कामी आले. टेकू शेवटी काढले.

करवत चालवण्याआधी आणखी दोन गोष्टी केल्या, त्या तुम्हीही करा. जुन्या घरात विजेच्या तारा माळ्यावरूनच गेलेल्या असतात आणि उंदरांनी त्या कुरतडलेल्या असतात. मेन स्विच बंद केल्याशिवाय वर लाकडाला हात लावू देऊ नका, आणि तारा तपासूनच घ्या. दुसरे, आमच्याकडे वर वटवाघळांचा राबता होता. त्यांची विष्ठा कोरडी झाडली तर ती धूळ छातीत जाते आणि आजार होऊ शकतो. आधी पाणी शिंपडून ओली करायची, नाकातोंडावर घट्ट फडके बांधायचे आणि मग भरायची. खाली माजघराच्या दाराला जुन्या चादरी टांगल्या, तरी चार दिवस आमटीत भुसा होता. ही कामे दिवाळी ते होळीच्या दरम्यान काढावीत. लाकूड कोरडे असते आणि पुढे कौले परतायची वेळ येते तेव्हा गडी येतातच.

सासूबाई चारही दिवस दाराशी पाट टाकून बसल्या होत्या. फळ्या निघू लागल्या तसा त्यांचा चेहरा उतरला. सुताराला ते दिसले असावे. तो म्हणाला, "आजी, याच फळ्यांच्या शिडीच्या पायऱ्या करू. बाहेर टाकत नाही." आणि हिशेब इतका बरोबर जुळला की निघालेल्या फळ्यांत अकरा पायऱ्या झाल्या आणि एक लहान तुकडा उरला. तो आता देवघरात चंदन उगाळायच्या सहाणेखाली आहे.

शिडीवर मी जरा हट्ट धरला. बांबूच्या शिडीच्या गोल दांड्यांवर ओल्या पायाने चढून बघा, म्हणजे कळेल. साडीचा काठ पायात, एका हातात डबा. म्हणून पायऱ्या सपाट, पाच इंच रुंद, आणि दोन पायऱ्यांत नऊ इंचांचे अंतर. सुतार एक फूट म्हणत होता. आमच्या खोलीची उंची नऊ फूट. नुसती टेकवायची शिडी असली तर तिचा पाय उंचीच्या पाव अंतरावर ठेवावा, म्हणजे नऊ फुटांना सव्वादोन फूट. त्याहून जवळ ठेवली तर मागे कलते, लांब ठेवली तर घसरते. आमची कायम बसवलेली, म्हणून गुडघ्यांच्या सोयीसाठी तीन फूट घेतले. वर गेल्यावर धरायला काही हवे, नाहीतर माणूस चौकटीशी अडखळतो. तिथे वाशाला लोखंडी गज पक्का केला.

आणि सर्वांत महत्त्वाचे, शिडी वरून आणि खालून दोन्हीकडे लोखंडी आकड्यांनी अडकवली आहे. घरात पाणी शिरले की लाकडाची शिडी तरंगते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

झडपेचे झाकण फणसाच्या फळ्यांचे केले असते तर ते मला एकटीला उचलले नसते. बारा मिलिमीटरचा प्लायवूड घेतला, वरच्या बाजूला उघडणारा. विहिरीवरची जुनी कप्पी आणि दोन किलोचे वजन दोरीला बांधले, आता धाकटीसुद्धा एका हाताने उघडते. उघडल्यावर ते आकड्यात अडकवायचे, नाहीतर डोक्यात पडेल. काठाला रबराची पट्टी मारली, म्हणजे धूळ आणि झुरळे खाली येत नाहीत. वर भोकाभोवती तीन बाजूंनी अडीच फुटी कठडा आहे. माळ्यावर गप्पा मारत मागे मागे सरकणारी माणसे असतात, आणि आमच्या घरात ती दोन आहेत. कुलूप मात्र कुठेच नाही. फक्त खालून एक कडी, मोठ्या माणसाच्या हाताला येईल अशी.

काम संपता संपता ह्यांनी सुचवले, आता बाहेरचे दार चिऱ्यांनी बुजवून टाकू, पावसाची झड येते. मी नाही म्हटले. माळ्याला एकच वाट असली की पाणी त्या वाटेने वर आले तर माणूस कोंडला जातो. वरून बाहेर पडायची सोय हवीच. मंगलोरी कौले रिपांवर नुसती अडकवलेली असतात, ती आतून वर सरकवून काढता येतात, हे मुलांना आम्ही दाखवून ठेवले आहे. ज्यांच्या घरावर स्क्रूने आवळलेले पत्रे आहेत त्यांना ते जमणार नाही, त्यांनी तर बाहेरच्या दाराचा विचार आधी करावा.

ज्या मैत्रिणी स्लॅबच्या घरात राहतात त्यांना एवढेच सांगते, की हे वाचून छिन्नी-हातोडा मागवू नका. स्लॅबच्या आत सळया असतात, त्या कुठून कशा गेल्या आहेत ते बाहेरून दिसत नाही आणि त्या तोडल्या तर सगळा स्लॅब कमजोर होतो. तिथे इंजिनिअरला आणून दाखवणे आणि इमारत सामायिक असेल तर सर्वांची परवानगी घेणे, याला दुसरा उपाय नाही.

आमचा खर्च लाकूड घरचे असल्यामुळे बारा हजारांच्या आत बसला, तो २०२२ च्या जानेवारीत. सुतार आणि त्याचा मदतनीस यांची चार दिवसांची मजुरी हाच मोठा भाग. सामानाचे म्हणाल तर प्लायवूड, बिजागऱ्या, बोल्ट, आकडे, रबर आणि चार काचेची कौले.

काचेची कौले कशाला? ती माझी हौस. भोकाच्या बरोबर वर आढ्याजवळ ती बसवली. झाकण उघडले की अकरा-साडेअकराला ऊन कौलांतून माळ्यावर आणि माळ्यावरून सरळ बाळंतिणीच्या खोलीत उतरते. या खोलीत सासूबाईंची तीन बाळंतपणे झाली, तिन्ही कंदिलाच्या उजेडात. वैशाखात आणखी एक फायदा कळला. रात्री झाकण आणि बाहेरचे दार उघडे टाकले की घरातली तापलेली हवा वर चढून निघून जाते. पंखा आहेच, पण मध्यरात्रीनंतर चादर लागते.

पुरानंतर नदीतला गाळ उपसायचे काम झाले, तरी पाऊस लागला की आम्ही मोरीकडे बघतोच. मृग निघाला की माळ्यावर काही वस्तू चढतात: पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन, चिवडा-लाडूंचे डबे, सासूबाईंच्या गोळ्या, बॅटरी, दोर, शिट्टी, एक बादली झाकणासकट, आणि प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली सगळी कागदपत्रे. (प्रमाणपत्राची दुसरी प्रत मी विद्यापीठातून मागवून घेतली.) मेणबत्त्या आणि स्टोव्ह नाही, वर सगळे लाकूडच आहे. मुलांना काळोखात चढायची सवय केली आहे, पायऱ्या मोजत, अकरा.

सासूबाई पहिल्या वर्षी मृगाच्या आदल्या दिवशी चढल्या. मी मागे, हे वरती हात देऊन. त्यांनी ह्यांचा हात धरला नाही, गज धरला. वर उभ्या राहून चौफेर बघितले आणि म्हणाल्या, "पन्नास वर्षं झाली मला या घरात येऊन. इथे मी आज आले." मग ट्रंका मोजल्या. गोधड्या चुकीच्या ट्रंकेत आहेत, बरण्यांची झाकणे अदलाबदल झाली आहेत, पाळण्याच्या दांड्या भिंतीला टेकवायच्या नसतात, असे एकेक सुरू झाले. आम्ही खाली आलो तरी त्या येईनात. तासाभराने झडपेतून त्यांचा चेहरा डोकावला. "अगो, केरसुणी दे वर. आणि चहा टाक, पण खाली नको बोलावू, इथेच पाठव."